बेपत्ता: झाला की केला

३ फेब्रु., मंगळ
नवऱ्याला नाहीसं करणाऱ्याला बायकोने माफ केलं, तर मुलीनेही करायचं का? मला उत्तर येत नाही. दोन वर्षं कायदा शिकतेय, तरी नाही.

सावित्रादिदींचा जबाब आज इंग्रजीत करून दिला. नेपाळच्या यादवी युद्धात त्यांच्या नवऱ्याला घरातून नेलं, तो परत आलाच नाही. नेणारा लष्करी कॅप्टन आता इथेच, अमेरिकेत कोलंबसला राहतो. जबाब पानभर, मुलगी बिनिताच्या हट्टापायी दिलेला. नवऱ्याबद्दल त्यात एकच ओळ. आमच्या लीगल क्लिनिकच्या मॅडम म्हणाल्या, "तुमची लिपी सेम ना? मग तूच कर." नेपाळी मला अंदाजानेच कळते. सांगायला हवं होतं.

६ फेब्रु., शुक्र
लाज वाटतेय. बिनिताने माझं भाषांतर वाचलं. "'वेंट मिसिंग'? माझे बाबा काय चुकीच्या बसमध्ये बसले होते?"

मूळ ओळ: 'बेपत्ता पारियो'. मी 'बेपत्ता' पाहिलं आणि आपल्या पेपरातल्या फोटोखालचा मजकूर डोक्यात आला. रागाने घर सोडून गेला, अंगात निळा शर्ट. पारियो म्हणजे केला गेला. कुणीतरी केला.

दिदी म्हणाल्या, "राहू दे बैनी. चूक आहे तीच बरी."

८ फेब्रु., रवि
इथल्या डब्लिन उपनगरातल्या ग्रोसरीत गेले. दिदी तिथे समोसे तळतात. म्हणाल्या, दिवाळीत कॅप्टन घरी आला होता. रडला. कुठे पुरलं त्याचा नकाशा काढून देतो म्हणाला. दिदींनी माफ केलं. नकाशा अजून आलेला नाही. शब्द बदलला की पुढचा प्रश्न 'कुणी?', मग केस, मग त्याचा वकील त्याला बोलू देणार नाही.

"बिनिताला कोर्ट पाहिजे, मला हाडं. क्रिया राहिलीय."
"मग जबाब मागे घ्या ना."
"घेतला तर बिनिता घर सोडेल."
"आणि नकाशा दिलाच नाही तर?"
दिदींनी दोन समोसे पिशवीत टाकले. "घे, गरम आहेत."

पार्किंगमध्ये बिनिता: "आईने तिच्याकडून माफ केलं. माझ्याकडून तिने कसं केलं?"
मला दोघींचंही पटतं. असं कसं?

९ फेब्रु., सोम
बाबांशी फोन. सगळं सांगितलं. "घरात शिकलेली तूच. आम्ही काय सांगणार पोरी?" शिकलं की कळतं, असं मलाही वाटायचं.

मॅडम: "शब्द तिचे. भाषांतर खरं आहे ही सही तुझी. उद्या बारापर्यंत."

त्या खोट्या शब्दात मायलेकी दोघी एका घरात राहतात. खऱ्यात नाही, बहुतेक. पण तो शब्द दिदींचा नाही, माझ्या चुकीचा आहे. की ही माझी पळवाट?

१० फेब्रु., मंगळ
दुरुस्ती पाठवली. 'बेपत्ता केला गेला.' कॅप्टनचं नाव घातलं नाही, दिदींनी लिहिलेलं नाही म्हणून. खाली टीप: आधीची चूक भाषांतर करणारीची. दिदींना आधी विचारलं असतं तर मी कदाचित... म्हणून विचारलं नाही. सव्वानऊला सही करून पाठवली.