तिसरी पिन मी तोडली

मी, रेणुकादास यशवंतराव बारडकर, वय वर्षे ६९, भौतिकशास्त्राचा निवृत्त अध्यापक, राहणार शिक्षक वसाहत, नांदेड, हे मृत्युपत्र माझ्या घरी, भर दुपारी, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी व स्मरण शाबूत आहे. डॉ. मनिषा शिवप्पा बिरादार यांनी आज सकाळी मला तपासून तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. जानेवारीत माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली, एवढाच काय तो आजार. कोणी मला धाक दाखवलेला नाही, गोड बोलून वळवलेले नाही. मार्च महिन्यात मी एक मृत्युपत्र केले होते. ते मी फाडले आहे. का फाडले ते पुढे लिहिले आहे. आता हेच खरे धरावे.

१. शिक्षक वसाहतीतील घर, तळमजला व वरची खोली, ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ती संपूर्णपणे माझी पत्नी सौ. विनीता हिची राहील. तिने त्यात राहावे, भाड्याने द्यावे किंवा विकून टाकावे. फेब्रुवारीपासून ती लातूरला आमच्या मुलीकडे, मनस्विनीकडे, राहते. कलम ५ मध्ये जे लिहिले आहे ते मी तिला फेब्रुवारीत प्रथम सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "अकरा वर्षं तुम्ही माझ्यासमोर बसून जेवत होतात." दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती गेली. तिला परत बोलावण्याचा हक्क मी या कागदाद्वारे किंवा अन्य प्रकारे सांगत नाही. वरच्या खोलीतली तिची हार्मोनियम व दोन तानपुरे तिचेच आहेत, ते माझ्या मिळकतीत मोजू नयेत.

२. पोस्टातील व बँकेतील ठेवींपैकी निम्मी रक्कम विनीताची. उरलेल्या निम्म्या रकमेचा उपयोग कलम ६ प्रमाणे करावा. व्यवस्थापक म्हणून मी मुलगी मनस्विनी हिला नेमतो. ती माझ्याशी मोजकेच बोलते, पण हातात घेतलेले काम अर्धे सोडत नाही.

३. मुलगा यज्ञेश, राहणार अमेरिका, याला माझी दुर्बीण व पुस्तके. नातीला शनीची कडी दाखवावीत. त्याच्यासाठी आणखी एक गोष्ट ठेवतो, ती म्हणजे पुढील वाक्य: यज्ञेश, तुझी काहीही चूक नव्हती. तू सगळे बजावून सांगितले होतेस. त्या वर्षापासून तू दिवाळीला येणे बंद केलेस आणि मी तुला कारण विचारले नाही, कारण विचारले असते तर मला बोलावे लागले असते.

४. आमच्या संस्थेच्या तत्कालीन सचिवांचे नाव मी येथे लिहीत नाही, ते हयात आहेत. माझ्या अंत्ययात्रेला ते आले तर त्यांना हार घालू देऊ नये. कलम ५ मधील चौकशीच्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते, "सर, बाहेरचा माणूस आहे ना एक? मग आपल्या कॉलेजचं नाव यात कशाला?" त्यांच्यावर माझा राग आहे. त्यांनी खोटे सुचवले म्हणून नाही, तर मला ते ऐकून हायसे वाटले म्हणून. हे कलम कायद्यात टिकेल की नाही ठाऊक नाही, तरी असू द्यावे.

५. हे कलम मिळकतीचे नाही, तरीही ते या कागदाचा भाग समजावे.

बुद्धप्रिया धम्मानंद हनमंते ही उमरीची मुलगी. तिचे वडील आमच्या प्रयोगशाळेत परिचर होते. बुद्धप्रिया दहावीत असताना ते वारले. मी तिला नांदेडला आमच्या कॉलेजात घातले, फी माफ करून घेतली. विनीताकडे ती गाणे शिकू लागली. आवाज खडा, खालच्या पट्टीतला. आमच्या घरी यज्ञेशची जुनी इलेक्ट्रिक गिटार पडून होती, ती तिने आपली आपण वाजवायला घेतली आणि वर्षभरात स्वतःच्या गाण्याला साथ करू लागली. विनीता म्हणायची, ही पोरगी नांदेडात राहणारी नाही.

२०१३ च्या दिवाळीत यज्ञेश आला तो तिच्यासाठी तिकडचा एक वापरलेला ॲम्प्लिफायर घेऊन. जाण्याआधी त्याने मला समोर बसवून सांगितले, "बाबा, हा एकशे दहा व्होल्टचा आहे. आपल्या सॉकेटमध्ये थेट लावायचा नाही. आणि बाजारातला साधा कन्व्हर्टरही नको. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मागवा, अर्थिंगवाला. जुनं मशिन आहे, आतून गळती असू शकते." मी त्याला म्हणालो, "तू मला करंट शिकवू नकोस. तुझा बाप बत्तीस वर्षं तेच शिकवतोय."

तसा ट्रान्सफॉर्मर नांदेडात मिळाला नाही. हैदराबादहून यायला महिना लागणार होता आणि गॅदरिंग जानेवारीत होते. मी बाजारातून एक काळा डबा आणला. त्यावर २३० आत, ११० बाहेर असे लिहिले होते. आतली गुंडाळी एकच होती. म्हणजे व्होल्टेज उतरत होते, पण आपल्या मेन लाइनशी वाद्याचा संबंध तुटत नव्हता. हे मला डबा हातात घेताच कळले होते. डब्याला दोन चपट्या भोकांचे सॉकेट होते. ॲम्प्लिफायरच्या प्लगला तीन पिना होत्या. तिसरी, गोल, अर्थिंगची. ती आत जाईना. मी पक्कड घेतली, ती पिन दोनदा वाकवली आणि तोडली.

दर वर्षी अकरावीच्या वर्गात मी फळ्यावर तीन पिनांची आकृती काढत असे आणि विचारत असे, तिसरी पिन कशासाठी?

घरी तीन आठवडे सगळे ठीक चालले. एकदा बुद्धप्रिया म्हणाली, "सर, तारांना हात लावला की बोटाला मुंग्या येऊन राहिल्या." मी म्हणालो, "चप्पल घालून वाजव." तिने चप्पल घातली आणि मुंग्या थांबल्या. मी समाधानाने पेपर वाचू लागलो.

१८ जानेवारी २०१४, शनिवार. स्टेज, लाइट आणि आवाजाचे काम हदगावच्या बजरंग निवृत्ती पवळे यांच्याकडे होते. वय तेव्हा तेहतीस. सकाळीच त्यांनी स्टेजमागे खड्डा खणून, कोळसा-मीठ टाकून अर्थिंगची कांब ठोकली होती. ते मी पाहिले. दुपारी माझा काळा डबा पाहून ते खाली बसले, वायर उलटसुलट केली आणि म्हणाले, "सर, ह्याची तिसरी तार कुठं हाय?"

मी म्हणालो, "अमेरिकेचं असंच असतं."

"न्हाई सर, पिन तुटल्यावानी दिसायली. मी ह्याला येगळी तार काढून देतो. धा मिनिटं लागतील."

आजूबाजूला विद्यार्थी उभे होते. मी म्हणालो, "बजरंग, मी फिजिक्स शिकवतो. तू माईक बघ." ते उठले आणि माईक बघायला गेले.

चार वाजता आवाजाची चाचणी सुरू झाली. धूळ बसावी म्हणून मैदानावर आणि स्टेजवरच्या सतरंजीवर पाणी शिंपडले होते. प्रतिमापूजन व्हायचे होते, म्हणून सगळ्यांनी चपला खाली काढल्या होत्या. बुद्धप्रियाने डाव्या हाताने गिटारच्या तारा धरल्या आणि माईक खाली घ्यायला उजवा हात पुढे केला. ॲम्प्लिफायरमधली गळती त्या दिवशी पुरती फुटली होती, पूर्ण करंट तारांवर आला होता. माईक बजरंगच्या चोख अर्थिंगला जोडलेला होता. त्या दोन्हींच्या मध्ये ती होती. तिसरी पिन जागेवर असती तर फ्यूज उडाला असता आणि आम्ही थोडे वैतागलो असतो.

बजरंगने धावत जाऊन मेन स्विच पाडला. तिची छाती दाबत राहिले. मग हाताखालच्या पोऱ्याला चालवायला बसवून, आपल्याच टेम्पोत घालून तिला दवाखान्यात नेले. तिचे डोके त्यांच्या मांडीवर होते, असे टेम्पोत बसलेल्या मुली सांगत. त्याच वेळी मी काळा डबा आणि ॲम्प्लिफायर रिक्षात घालून घरी आणला आणि माळ्यावर टाकला. पोलीस पंचनाम्याला आले तेव्हा स्टेजवर फक्त बजरंगच्या वायरी होत्या.

बुद्धप्रिया एकोणीस वर्षांची होती.

चौकशीत मी लेखी मत दिले: "स्टेजवरील वायरिंग सदोष असावे." असावे. हा शब्द मी विचारपूर्वक लिहिला. बजरंग पुन्हा पुन्हा सांगत राहिले की सरांच्या डब्याला तिसरी तार नव्हती. डबा कुठे आहे, असे त्यांनाच विचारले गेले. डबा पाहिलेल्या विद्यार्थ्यांचे जबाब कोणी घेतले नाहीत. ते नऊ दिवस कोठडीत होते. खटला चार वर्षे चालला. पुराव्याअभावी सुटले, पण तोवर साउंड विकून झाला होता, आणि ज्याच्या हातून पोरगी गेली त्याला काम कोण देणार? मी मात्र २०१४ च्याच मे महिन्यात निवृत्त झालो. शाल, श्रीफळ घेतले. भाषणही केले.

यंदा मार्चमध्ये केलेल्या मृत्युपत्रात मी माझी सर्व हत्यारे, करंट मोजायचा मल्टीमीटर आणि निम्मी ठेव बजरंगच्या नावे लिहिली होती. कारण लिहिले नव्हते. त्याची प्रत घेऊन मी कंधारला गेलो. तिथे ते एका दुकानात पाण्याच्या जळलेल्या मोटारींचे वाइंडिंग करतात. त्यांनी हात पुसून कागद वाचला.

"हे काय हाय, सर?"

मी सांगितले. दुकानात, स्टुलावर बसून, सगळे सांगितले. पिन, पक्कड, रिक्षा. शेवटी बजरंग कागदावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यात हे कुठंच न्हाई. ह्यात मला पैसे हायत, अन् तेबी तुम्ही मेल्यावर. माझा बाप मरेपर्यंत मला विचारायचा, बजरंगा, अर्थिंग खरंच दिली व्हती का? मी हाव म्हणायचो. तो पुन्हा विचारायचा. त्याला आता तुमचा मल्टीमीटर दाखवू?"

मी हात जोडले. ते म्हणाले, "हात नका जोडू. लिहा. अन् आधी उमरीला चला."

मृत्युपत्र मी तिथेच फाडले. आम्ही दोघे बसने उमरीला गेलो. बुद्धप्रियाच्या आई चांगुणाबाई अंगणात तुरी पाखडत होत्या. बजरंगला पाहताच त्या उठून उभ्या राहिल्या, "हा माझ्या दारात कशाला आला?" म्हणाल्या. मी उभ्यानेच सांगितले. या वेळी शब्द कमी लागले. त्यांनी हातातले सूप खाली ठेवले. मग बजरंगला म्हणाल्या, "अकरा वरसं मी तुला तळतळाट दिले रे, लेकरा. जेवताना दिले, झोपताना दिले." त्यांनी आतून तांब्या आणला आणि बजरंगला पाणी दिले. माझ्याकडे पाहिले नाही, मला पाणी विचारले नाही. त्यांच्या जागी असतो तर मीही विचारले नसते. आम्ही निघालो तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "सर, ती तुमचं नाव घेऊन जेवायची."

चांगुणाबाईंच्या नावे मी काहीही ठेवलेले नाही. तेवढे धाडस मला झाले नाही.

दिनांक २ एप्रिल रोजी मी पोलीस ठाण्यात जाऊन लेखी जबाब दिला आहे व ॲम्प्लिफायर आणि काळा डबा जमा केला आहे. पोच सोबत जोडली आहे. पुढे जे होईल ते माझ्या हयातीत व्हावे, अशी माझी इच्छा आहे. मी वकील दिलेला नाही.

६. कलम २ मधील निम्म्या रकमेतून मनस्विनीने नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शाळा-कॉलेजांच्या कार्यक्रमांसाठी अर्थिंगसह आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि करंटची गळती होताच आपोआप बंद होणारे ब्रेकर घेऊन द्यावेत. त्यांवर माझे नाव घालू नये. प्रत्येकाबरोबर पुढील मजकूर मोठ्या अक्षरांत द्यावा:

परदेशातून आलेल्या वाद्यामागची पट्टी आधी वाचा. १०० ते २४० लिहिले असेल तर ते आपल्याकडे चालते, फक्त प्लग जुळवावा लागतो. नुसते १००, ११० किंवा १२० लिहिले असेल तर थेट लावू नका. प्लग जुळवणारा ॲडॅप्टर व्होल्टेज उतरवत नाही. ट्रान्सफॉर्मर वाद्याच्या वॅटपेक्षा जास्त ताकदीचा, वेगळ्या गुंडाळ्यांचा आणि अर्थिंगचा घ्या. अर्थिंगची पिन तोडू नका. बोटाला मुंग्या आल्या तर चप्पल शोधू नका, मेन स्विच बंद करा. वायरमन काही विचारत असेल तर त्याला उत्तर द्या.

७. माझी हत्यारे कोणालाही दिलेली नाहीत. बजरंग पवळे यांनी ती व अन्य काहीही घेण्यास नकार दिला आहे. पक्कड माझ्यासोबत जाळू नये, लोखंड जळत नाही. ती भंगारात द्यावी.

८. माझी तेराव्याची पंगत करू नये. कॉलेजात शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर कलम ५ तिथे उभे राहून वाचावे, एकही शब्द न गाळता.

९. या कागदाच्या सहीशिक्क्याच्या प्रती आजच, माझ्या मरणाची वाट न पाहता, बजरंग पवळे, चांगुणाबाई हनमंते, विनीता व यज्ञेश यांना दिल्या जातील. बजरंग यांचे नाव निर्दोष आहे हे मी यांत माझ्या सहीने सांगत आहे.

साक्षीदारासाठी मी शेजारच्या एका गृहस्थांना सांगून ठेवले होते. काल बजरंग यांचा फोन आला. "साक्षीदाराला काही मिळत नसतं ना सर, कागदात?" मी म्हणालो, मिळू नये असाच रिवाज आहे. ते म्हणाले, "मग मी येतो. मला काही मिळून न्हाई राहिलं. तुम्हाला माफी दिली असं समजू नका. त्या टायमाला माझी साक्ष कुणी घेतली न्हाई, ती आता घ्या."

आज सकाळी पहिल्या बसने ते आले. मी येथपर्यंतचा कागद वाचून दाखवला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, खिशातून चष्मा काढला आणि पहिल्या ओळीपासून स्वतः वाचला. मग पेन मागितला.

वरील सर्व मजकूर माझा आहे, खरा आहे, आणि खाडाखोड न करता लिहिला आहे.

ठिकाण: नांदेड
दिनांक: ९ जून २०२५

लिहून देणार:
(सही) रेणुकादास यशवंतराव बारडकर

आमच्यासमक्ष त्यांनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही केली.

साक्षीदार:
१. (सही) डॉ. मनिषा शिवप्पा बिरादार, नांदेड
२. (सही) बजरंग निवृत्ती पवळे, मूळ हदगाव, हल्ली मुक्काम कंधार, धंदा: साउंड व इलेक्ट्रिक काम