याडीचं कवच

पांढरकवडा,
१२ एप्रिल १९६१

प्रिय सुचित्रा,

तुमच्या संग्रहालयाचं पत्र परवा मिळालं. 'बारवेतील देवीवरून निघालेले शेंदराचे कवच अखंड स्थितीत नागपूरला पाठवावे.' खाली तुझी सही, 'आपली विश्वासू'. वर माझं नाव, 'अध्यक्ष, स्थळ समिती'. तुझे बाबा जेवताना ते वाचून हसले. म्हणाले, "उत्तर दे बाई, नाहीतर कन्या स्मरणपत्र धाडेल." उत्तर देणं भागच आहे, आणि कवच आता माझ्याकडे नाही. म्हणून लिहिते.

बारव तुला आठवत असेल. लहानपणी सहलीला गेलो तेव्हा देवीचे चांदीचे डोळे पाहून तू माझ्या पदरामागे लपली होतीस. लमाणांचे तांडे बैलांवर मीठ-धान्य लादून जायचे, तेव्हाचा तो पाणवठा. आता त्यांचा तांडा शेजारीच शेती करून राहतो. हैदराबादकडे जाणाऱ्या मोटारी वाढल्या, तेव्हा तालुक्याच्या मंडळींनी ठरवलं की प्रवाशांनी थांबावं, बारव पाहावी. कठडा, पाटी, बसायला बाकं. मला अध्यक्ष केलं, कारण मी त्या काळी कॉलेजात इतिहास शिकले, आणि माझ्याशी वाद घालायला सहसा कुणी येत नाही.

शेंदराच्या थराखाली जुनी मूर्ती असावी, असं पाहणीला आलेले साहेब म्हणाले. आम्ही तांड्याच्या नायकाला, रूपसिंगला, विचारलं. त्यानं होकार दिला. लाकडी पाचरी लावून काम चाललं असताना तांड्यातली लालीबाई पायरीवर बसून नुसती बघत होती. एरवी तिचं तोंड बंद नसतं. तिची हरकत नाही, असं मी धरून चालले.

कवच नारळाच्या करवंटीसारखं अख्खं सुटलं. खाली गजलक्ष्मी निघाली, दोन हत्ती सोंडेनं पाणी घालताहेत, दागिन्यांची कोर अजून तीक्ष्ण. मी हरखून गेले, खोटं कशाला सांगू? कवच उलटं करून पाहिलं तर आत तेच हत्ती खोलगट उमटलेले, आणि बाहेरून नुसता ओबडधोबड तांबडा गोळा, वर दोन डोळे. सुपात घालून ते मी घरी आणलं आणि कोठीच्या खोलीत ठेवलं.

मग घोळ सुरू झाला. पाटी रंगवणारा विचारायला आला, काय लिहू? 'चपला बाहेर काढाव्या' की 'मूर्तीस हात लावू नये'? साधा प्रश्न. पण तांड्यातलं कुणी त्या लक्ष्मीपुढे नारळ फोडेना आणि मोटारीतून उतरणारे लोक मात्र लांबून हात जोडू लागले. एकानं तर मलाच विचारलं, पुजारी कुठाय? मी रंगाऱ्याला चार दिवसांनी ये म्हटलं. तो तीनदा येऊन गेला.

लालीबाई आली ती थेट स्वयंपाकघराच्या दारात. देवीला ते याडी म्हणतात, म्हणजे आई. म्हणाली, "दगड तुमच्या सरकारले ठेवा, बाई. आमची याडी आमाले द्या." मी म्हटलं, याडी बारवेतच आहे, उलट आता नीट दिसते. तर कपाळावर हात मारून म्हणते, "ते कोन बाई हाये आमाले का मालूम! तांडा चालाचा तवा दगड कोन वाह्यलं असतं? तुमी?" त्यांची रीत तेव्हा कळली. मुक्काम हलला की शेंदराचा कपचा काढून घ्यायचा, पुढच्या मुक्कामी तेलात कालवून मिळेल त्या दगडाला लावायचा. दगड तिथला, आई बरोबरची. लग्न होऊन जाणाऱ्या मुलीच्या ओच्यात अजूनही तो कपचा बांधतात. तिच्या भुरीचं लग्न या आठवड्यात, मुकुटबनकडे द्यायची आहे. "माही पोर बिना आईची जाईन काय? काहून अडवून राह्यली तुमी?"

मी म्हटलं, नागपूरहून अखंड मागवलं आहे. तोडता येणार नाही.

तेवढ्यात रूपसिंग आला. त्याचं म्हणणं उलट. "जाऊ द्या नागपूरले, बाई. तिथं बिजलीच्या लाइटात बसंन याडी. इथं तं कुत्रे बसते अंगाशी." लालीबाई वळून म्हणाली, "तुया पोराले बारवीची चौकीदारी पाह्यजे, म्हून आईले मोटारीत बसवून राह्यला का रे तू?" तो जराही गोरामोरा झाला नाही, म्हणाला, "पाह्यजेच. तू देतं काय नोकरी?" दोघंही खरं बोलत होते. शाळेत शिकवत होते तेव्हा मी अशी भांडणं दोन वाक्यांत मिटवत असे.

सुचित्रा, मला खरोखर समजेना. कवच जपायचं म्हणजे काय करायचं? तुमच्या कपाटात ते अखंड राहील, पण आजवर ते तुटत आलं म्हणूनच टिकलं. तांड्याला द्यावं, तर उद्या कुणी विचारेल, सार्वजनिक वस्तू कुणाच्या हुकमानं दिली? लक्ष्मी उघडी केली ते बरं केलं की वाईट? परवाच एक म्हातारे गृहस्थ तिच्यासमोर तासभर बसून होते, डोळे पुसत होते. त्यांना मी काय म्हणू, परत झाकते?

काल सकाळी मी लालीबाईला बोलावून सूप तिच्या हातात दिलं. का दिलं ते सांगता येत नाही. पटलं म्हणून दिलं असतं तर बरं वाटलं असतं. भुरी दारात उभी होती, हळदीनं पिवळी, आणि सुपाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. समितीला मी ते आज कळवते. पद काढून घेतील तर घेऊ देत. रंगाऱ्यालाही सांगितलं, जागा आखून ठेव, अक्षरं नंतर.

लालीबाईनं तिथेच कडेचा कपचा मोडून भुरीच्या ओच्यात बांधला. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "तुमची बी पोर नागपूरले गेली ना? तिच्या संगं का देल्लं होतं?" मी म्हटलं, डबा. रजिस्टर लग्न, संध्याकाळची गाडी, पुरी-भाजीचा डबा. ती हसली नाही. आणखी एक कपचा मोडून माझ्या हातावर ठेवला, म्हणाली, "घ्या. उशीर झाला तं का झालं?" मी नको म्हणायला तोंड उघडलं होतं. संग्रहालयाला समितीचं उत्तर वेगळ्या पाकिटातून येईल, ते फाईलला लाव. हे पत्र त्या कपच्यासाठी आहे. तो तपासणीला पाठवते आहे की तुझ्या ओच्यात बांधते आहे, मला ठरवता येत नाही. तू ठरव. पण त्यावर क्रमांक घालू नकोस.

तुझीच, कुणाचीही अध्यक्ष नसलेली,
आई

दिलं ते असं : लालीबाईच्या हाती कवच, चांदीच्या दोन्ही डोळ्यांसह, आणि ज्या सुपात होतं ते सूप. भुरीला कडेचा एक कपचा. सुचित्राला या पाकिटात, माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून, एक.