मलमावर बांधलेलं पान

अहो,

मामांना घेऊन नारायणगावला दवाखान्यात चालले. वजीरभाऊंची जीप मिळाली.

परवा मामांच्या गुडघ्याला मेडिकलमधलं मलम मी चोळलं. त्यावर तुमच्या आईंनी तव्यावर गरम केलेलं एरंडाचं पान आवळून बांधलं, नेहमी बांधत्यात तसंच. शुगरमुळं मामांच्या पायाला भाजलेलं कळतच न्हाई. मी दोनदा विचारलं, तर "लई बरं वाटतंय" म्हणले. आज पान सोडलं, तर त्यासंगं कातडी निघाली. भवतीनं पाय काळा पडलाय.

ट्यूब फडताळात हाय. श्रेयाच्या हाताला लागू देऊ नका. तुमी पाठीला लावलीत तर वरून शेकू नका, पट्टा बांधू नका, आन् हात साबणानं धुवा.

तुमच्या आई आत पडून हायेत. सकाळपासून चहासुदिक घेतला न्हाई. "माझ्याच हातानं झालं," एवढंच म्हणत्यात. त्यांना काय बोलू नका. मलमावर गरम लावायचं न्हाई, बांधायचं न्हाई, हे खोक्यातल्या कागदावर लिवलं व्हतं. त्यांना वाचता येत न्हाई. मला येतं, आन् तो कागद मी आज सकाळी वाचला.

प्राची