पुढची दोन चाकं की चारही

७ जुलै, सोमवार

घराच्या चढावर आज गाडी अडकली. शेजारच्या सीटवर सुधीर, नुकताच डायलिसिसहून आलेला, तोंडावर रक्त म्हणून नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि मागची चाकं मेली. इंजिनाच्या टर्बोचं नेहमीचंच, पाय दाबला तरी आधी झोपलेला, मग एकदम जोर करतो. पुढची दोन चाकं लाल चिखलात जागच्या जागी गरागरा. चारही चाकांनी ओढते म्हणून तर ही जुनी गाडी घेतली. या माझ्या नवऱ्याला पनवेलजवळ नेऱ्याच्या पुढे डोंगराला चिकटून घर हवं होतं ना.

चढाच्या पायथ्याशी राहणारे बाळारामदादा ट्रॅक्टर घेऊन आले, दोर बांधून ओढलं. "आमी हाय बाई, पण ट्रॅक्टर रोज घरी नसतो." बरोबर आहे. लावणी चालू आहे त्यांची.

८ जुलै, मंगळवार

कळंबोली, इक्बालभाईंचं गॅरेज. मागच्या चाकांपर्यंत ताकद पोचवणारं कपलिंग जळालंय. कशाने, तर टायरने! मे महिन्यात पुढचे दोन नवे टाकले, मागचे झिजलेले तसेच ठेवले. दीर म्हणाले होते, "वहिनी, मागचे आरामात वर्षभर जातील." सगळं गाव असंच करतं. पण या गाडीला चारही सारखे लागतात म्हणे, नाहीतर पुढची-मागची चाकं कमीजास्त फिरतात आणि कपलिंग सतत झगडत राहतं. भावोजींना फोन केला. "असं काही नसतं हो." ठेवून दिला फोन.

आता दोन मार्ग. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट काढून टाकायचा आणि फक्त पुढच्या चाकांवर चालवायची. एका दिवसात काम. नाहीतर भंगारातून जुनं कपलिंग शोधायचं, नवीन येत नाही. मिळालं तरी आठवडाभर गाडी खोललेली. "बसवून देईन मॅडम, पण गॅरंटी नाय देणार. पुराना माल."

ऊन होतं, चढ वाळलेला, म्हणून गाडी घरी तरी आली. उतरायचा प्रश्नच नाही, कुठलीही गाडी उतरते.

९ जुलै

दिवसभर डोक्यात तेच. फ्रंट-व्हील म्हणजे पावसात चढ नाही, दसऱ्यापर्यंत पनवेलला हॉस्पिटलजवळ भाड्याची खोली. चारही चाकं म्हणजे हे घर. पण मग आठवडाभर गाडी नाही, आणि सु.चं डायलिसिस सोमवार-गुरुवार. रिक्षावाले चढ बघूनच मागे फिरतात. चालत चढणं त्याला शक्य नाही. मागे एकदा डाय. चुकलं होतं तेव्हा अंगात पाणी भरलं, बसल्या बसल्या गुदमरत होता, माझा हात सोडेना. ते परत मला नाही बघवणार.

त्याला पनवेलचं विचारलं. "नाही."

का?

"सांगितलं ना, नाही."

मग मी सोडलं नाही. काय काय बोलले. तुझ्या हौसेपायी माझा जीव जातोय, इथपर्यंत. मग अळणी दुधीची भाजी केली, दोघांनी खाल्ली.

१० जुलै, गुरुवार

पाऊस. गेलो, डाय. झालं. येताना गाडी चढावर तिरकी झाली, पुढचं चाक गटाराच्या कडेला. मी ब्रेक दाबून धरला. ट्रॅक्टर शेतावर. बाळारामदादांनी प्लास्टिकची खुर्ची आणली, शेतातली माणसं बोलावली. चौघांनी सुधीरला खुर्चीसकट उचलून वर नेलं, मी छत्री धरून बाजूने.

"आत्तापासूनच चार खांदे?" हा विनोद, साहेबांचा.

"असं बोलायचं नाय साहेब," बाळारामदादा म्हणाले, बस.

घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडला. पाय पुसू दिले नाहीत.

११

काही नाही. पाऊस. गाडी खालीच, ताडपत्री टाकून.

१२ जुलै, शनिवार

इक्बालभाईंचा फोन. कपलिंग मिळालं! कुर्ल्याच्या भंगारात, आपल्याच मॉडेलचं. दुसरं गिऱ्हाईक टपलंय, लवकर हो म्हणा.

मी धावतच ओटीवर गेले. सुधीर, घर सोडायचं नाही, चारही चाकं करून घेऊ, आठवडाभर कसंही भागवू.

"नको. फ्रंट-व्हीलच कर."

मला वाटलं, आला एकदाचा ताळ्यावर. मी वेडी लगेच सुरू. तळमजल्याची खोली बघते, हॉस्पिटलजवळच, खिडकी असलेली.

"खोली नको गं. गाडी पावसात चढत नाही ना? मग उतरायचंच नाही."

कधीपर्यंत?

"पाऊस थांबेपर्यंत."

डाय.शिवाय पाऊस थांबेपर्यंत तो जगायचा नाही. त्याला माहीत आहे. मलाही. तो शांतपणे समोरच्या डोंगराकडे बघत होता आणि मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

१३ जुलै, रविवार

भांडले. रडले. त्याच्या पाया पडले, इतक्या वर्षांत कधी पडले नव्हते. तो माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "चढाचं मला काही नाही. खाली जायचंच नकोसं झालंय. त्या सुया, ते मशीन. तू बाहेर बसतेस, तुला नाही कळायचं."

खरंच नाही कळत. मी बाहेर बसते.

म्हणजे आठ दिवस मी चढाची, टायरची, शाफ्टची काळजी करत बसले. इक्बालभाईंना हो म्हणाले तरी पुढच्या दोन्ही डाय.ना त्याला माणसांनी उचलून न्यायचं, आणि त्याने उचलू द्यायला हवं. नाही म्हणाले तर त्याच्याच मनासारखं. जबरदस्तीने पनवेलला नेऊ? नेता येईल मला, ताकद उरलीय कुठे त्याच्यात. पण मग माझ्याशी बोलेल का?

इक्बालभाईंचे दोन मिस्ड कॉल. मेसेज पण, "मॅडम क्या करना है". उत्तर लिहिलं, पुसलं.

संध्याकाळी सु.चे उद्याच्या डाय.चे कपडे काढून ठेवले, पुढून बटणांचा शर्ट, सैल पँट. त्याने बघितलं.

"कशाला काढलेस?" रागाने नाही. चहा पुरे म्हणतो ना, तसं.