ढोल्याला ठेवायचं की काढायचं

सोमवार, ता. ३

प्लास्टर निघालं. मनगट वाळक्या शेंगेसारखं दिसतंय. डॉक्टरीण म्हणाली, बोटं हलवत राहा, नाहीतर आखडतील. रोज थोडं लिहा. चौथीत शाळा सुटलेल्या बाईने लिहायचं तरी काय? म्हणून ही नातीची वही घेतली. तिच्या कॉलेजची. पहिली चार पानं भरलेली, पुढची कोरी. कॉलेजही तसंच झालं.

दुपारी नात आपणहून खोलीबाहेर आली. केस विंचरलेले. मी काही बोलले नाही. बोललं की परत आत जाते.

मंगळवार, ता. ४

नातीने बोटांवर दुसरा उपाय काढला. माझ्या फोनवर तिचा तो प्राण्यांचा खेळ घालून दिला. आपले सहा प्राणी, समोरच्याचे सहा. समोरचा कुठल्या गावात बसलाय देव जाणे. दोघांनी एकेक चाल करायची. ज्याचे सहाही आडवे झाले तो हरला. झुंजच ती, फक्त पिसं उडत नाहीत.

मला नाव विचारलं. मी म्हटलं, कोंबडीवाली. चाळीस वर्षं तेच नाव होतं, आता काय बदलायचं?

एक प्राणी तिने सगळ्यात आधी दिला. खरं नाव जिभेवर बसत नाही. मी ढोल्या म्हणते. पोट केवढं, डोळे केवढेसे. तो झोपतो, झोपेत सगळी जखम भरते, उठतो आणि एका धडकेत समोरच्याला लोळवतो. परत झोपतो. माझा दादला असाच होता, धडक सोडून.

पाच डाव खेळले. चार जिंकले. मला वाटलं, मला अक्कल आहे.

बुधवार, ता. ५

बोटांचा उपाय कसला, माझं मत हवंय! आज कळलं.

झालंय असं. खेळ बनवणारे दुसऱ्या कामात. कुठला प्राणी फार माजला तर ते बघत नाहीत. म्हणून खेळणारेच मिळून ठरवतात, स्पर्धेत कोणाला येऊ द्यायचं आणि कोणाला बाहेर काढायचं. सध्या ढोल्याचा खटला चालू आहे. दहा दिवस त्याला खेळवून बघायचं. या दहा दिवसांत चाळीस डाव खेळून तीस जिंकले, तर मत देता येतं. शंभरातल्या साठांनी 'काढा' म्हटलं तर ढोल्या बाहेर. साठाला एक जरी कमी पडलं तर राहिला.

नातीच्या संघात तिघं. स्पर्धा या महिन्याच्या बावीस तारखेला, दुसऱ्या शहरात, मोठ्या हॉलमध्ये, लोकांसमोर. संघाच्या कप्तानाने तिला सांगून ठेवलंय, ढोल्या तुझ्याइतका कोणाला चालवता येत नाही, म्हणून तू. ढोल्या गेला तर दुसरी मुलगी तयार आहे.

आणि म्हणून कप्तानाने फर्मान काढलंय, घरातल्या प्रत्येकाला खेळायला बसवा.

"मग सरळ सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"सरळ सांगितलं असतं तर तू बसली असतीस?"

नसते बसले. हुशार आहे.

शुक्रवार, ता. ७

एकवीस डाव. सतरा जिंकले. सून कामावरून आली तर मी फोनवर. पर्स खांद्यावरच. "आई, तुम्ही पण? एक होती घरात, आता दोन झाल्या."

मी म्हटलं, "थांब, माझा झोपलाय, उठू दे." ती हसली नाही. सुनेला हसायला वेळ नसतो. दिवसभर दवाखान्यात लोकांच्या चादरी धुते.

तिला मी दोष देत नाही. गेल्या वर्षी पोरीने कॉलेज सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली ती दहा महिने. काय झालं, कोणी काही बोललं का, काही सांगेना. जेवण दाराशी ठेवायचं, ताट अर्धं परत यायचं. दारावर कोणी थाप मारली तरी दचकायची. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. शेवटी हा खेळ झाला. आंघोळ करून खेळायला बसते आता. तीच पोरगी म्हणते, आजी, हॉलमध्ये दोन हजार माणसं असतील. आणि हे सांगताना तिचं तोंड भिंतीकडे नसतं.

तेव्हा ढोल्या राहो की मरो, बावीस तारखेला पोरीने स्पर्धेच्या गाडीत बसलं पाहिजे. बस.

रविवार, ता. ९

आज एक डाव पंधरा मिनिटं चालला. समोरचा फार शिकलेला. ढोल्याला विष घातलं, मग काटे पसरले, मग एक दगडासारखा प्राणी पुढे आणून उभा केला. डोकं चालवत होता बिचारा. मी झोपेचं बटण दाबलं. परत झोप. मग धडक. सगळी मांडामांड एका दणक्यात गेली.

तर त्याने खाली लिहिलं, छान खेळलात.

मी काय खेळले? मी झोपले.

जिंकल्याचं काही वाटलं नाही. फोन उशीखाली सरकवला.

सोमवार, ता. १०

नातीची मैत्रीण आली होती. आवाज एवढासा, म्हणून लहानपणापासून आम्ही तिला चिमणी म्हणतो. दहा महिने पोरगी पडून होती तेव्हा दर आठवड्याला येऊन दाराबाहेर बसणारी हीच. खेळ शिकवला तोही हिनेच, दाराखालून चिठ्ठ्या सरकवून. आज नात संघाच्या सरावाला गेलेली. चिमणी माझ्यापाशी बसली.

"आजी, तुमचे किती झाले?"

"चौतीस खेळले, सत्तावीस जिंकले."

तिने माझा फोन उघडून आकडे बघितले. मग म्हणाली, "रागावू नका. पण तुम्ही जिंकता, हाच ढोल्या माजल्याचा पुरावा आहे."

मी म्हटलं, "म्हणजे मी ठोंब."

"तसं नाही हो. मला पहिले सत्तावीस जिंकायला दीड वर्ष लागलं."

तिच्याकडे एक तीन पायांचा बेडूक आहे. त्याच्यावर तिने दोन वर्षं घातली. कुठल्या पावसात तो पळतो, कोणासमोर लपतो, सगळं पाठ. आता तो बाहेर काढताच येत नाही. ढोल्या एका धडकेत संपवतो. "पूर्वी दीडशे प्राणी खेळात दिसायचे," म्हणाली. "आता जो तो ढोल्या घेतो, नाहीतर ढोल्याला अडवणारे पाच. बाकीचे पडून आहेत."

जाताना चप्पल घालता घालता म्हणाली, "मी सोडतेय खेळ. तिला सांगू नका."

मंगळवार, ता. ११

सांगितलं. माझ्या पोटात असल्या गोष्टी राहत नाहीत.

नात ताटावर बसली होती. घास तसाच हातात. मग म्हणाली, "तिला हरणं सोसत नाही, दुसरं काय."

मला चीड आली. मी तांबड्या कोंबडीची गोष्ट काढली. बारा कोंबड्या होत्या तेव्हा. तांबडी रोज अंडं द्यायची, एक दिवस चुकवायची नाही. आणि बाकीच्यांना दाण्याशी फिरकू द्यायची नाही. माना सोलून काढल्या त्यांच्या. त्या कोपऱ्यात अंग चोरून उभ्या, अंडी बंद. नवरा म्हणायचा, तांबडीला हात लावू नको, ती एकटीच देतेय. मी म्हटलं, ती एकटीच देतेय कारण अकरा जणींना तिने बंद पाडलंय. दुसऱ्या खुराड्यात नेऊन घातली. पंधरा दिवसांनी बाकीच्या अंडी द्यायला लागल्या.

"तांबडी वाईट नव्हती," मी म्हटलं. "फक्त त्या खुराड्याला ती जास्त होती."

नात ताट घेऊन उठली. "तुझं मत तुझ्याकडे आहे. हवं तिकडे दे. मी काही सांगणार नाही."

दार लावून घेतलं.

बुधवार, ता. १२

एकोणचाळीस खेळले, एकोणतीस जिंकले. नेमकं आज हरावंसं वाटत होतं. शेवटचा डावही जिंकले. झोप, झोप, धडक. तीस.

मत मिळालं.

गुरुवार, ता. १३

कप्तान घरी आला. पंचविशीतला, दाढी कोरलेली. माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले, मला सवय नाही.

"आजी, आम्ही सहा महिने मेहनत केली या प्राण्यावर. धावणाऱ्याचे पाय लांब आहेत म्हणून कोणी ते कापतं का?"

"पाय त्याचे असतात," मी म्हटलं. "ढोल्या कुठे तुझा आहे? तोच माझ्याकडे पण आहे."

हसला. मग नातीकडे वळून आवाज खाली आणून म्हणाला, "तुला माहितीये. मला काही करता येणार नाही. काढलाच तर संघ बदलावा लागेल."

नातीने मान हलवली. जमिनीकडे बघत होती.

तो गेल्यावर मी विचारलं, "ढोल्याशिवाय तुला खेळता येत नाही का?"

"येतं. त्याला तसं वाटत नाही."

"मग दाखव त्याला."

"आजी, पुरे."

शुक्रवार, ता. १४

मतदान सुरू झालं. उद्या संध्याकाळी बंद.

पोरगी सकाळपासून खोलीत. जेवायला नाही. फटीतून बघितलं. भिंतीकडे तोंड. पाठ तीच. गुडघे पोटाशी तसेच.

सून म्हणाली, "बघू उद्या." ताट दाराशी ठेवलं.

शनिवार, ता. १५

ताट अर्धं परत.

मी खाटेवर बसून फोन हातात धरला. दोन चौकोन. काढा. ठेवा. आयुष्यात मी कोणाला खोटी मापं दिली नाहीत. फुटकं अंडं टोपलीत तळाला घातलं नाही. शेजारणींच्या भांडणात माझ्या सख्ख्या बहिणीची चूक होती, तर भर चौकात तसं सांगितलं. ती तीन वर्षं बोलली नाही. बोलू नको म्हटलं.

ढोल्याला काढायला हवं. कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी हेच सांगेन.

पण तांबडीला बाहेर काढलं तेव्हा घरात कोणी भिंतीकडे तोंड करून पडलेलं नव्हतं.

"ठेवा" दाबलं. तर खाली आणखी एक रकाना उघडला. कारण लिहा म्हणे. कारणावाचून मत घेत नाहीत. एका बोटाने पंधरा मिनिटं लिहिलं. 'ढोल्या राहू द्या. डोकं चालवलं तर त्याला हरवता येतं. मला कठीण गेलं नाही.'

सगळं खोटं. अक्षर न अक्षर.

असो. पडद्याआडची गोष्ट. मत कोणाला कळत नाही, आणि ढोल्याला काय फरक पडतो? पोरगी जाऊ दे.

रविवार, ता. १६

पोरगी उठली. आंघोळ केली. मला म्हणाली, "आजी, मनगट दाखव." तेल चोळून दिलं. हात हलका होता. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

सोमवार, ता. १७

निकाल लागला. बरोबर शंभर मतं पडली. काढा, एकोणसाठ. ठेवा, एक्केचाळीस. एकाने राहिला.

मी म्हटलं, "झालं ना तुझ्या मनासारखं? बॅग भर."

नात माझ्या खाटेवर बसली. फोन पुढे केला. यादी होती. नावं, प्रत्येकापुढे मत आणि कारण. सगळ्या जगाला दिसेल अशी. मला वाटलं होतं पडदा असतो. 'काढा'मध्ये चिमणीचं नाव होतं. तिच्याखाली माझ्या नातीचं. पुढे लिहिलं होतं, आमच्या आजीची तांबडी.

"शुक्रवारभर विचारच करत होते," ती म्हणाली. "शनिवारी सकाळी मत दिलं आणि कप्तानाला आधीच कळवलं. त्याने तेव्हाच संघातून काढलं मला."

मग बोट खाली सरकवत नेलं. कोंबडीवालीवर थांबवलं. कारण वाचलं, मोठ्याने, पूर्ण. वाचून झाल्यावर माझ्याकडे बघितलं.

"आजी, तुझा फोन कोणी घेतला होता का शनिवारी?"

हो म्हणायची वाट बघत होती.

मी म्हटलं, "नाही. मीच."