माझी ओळ

गुल्वेनदादा,

हे पत्र मी टाकणार नाही. उगाच तुझा माज वाढेल.

काल रेडिओवर तुझं गाणं लागलं. आपण दोघं खळ्यावर गायचो तेच, फक्त सोबतीला गिटार. निवेदक म्हणाला, "प्रत्येक ओळीनंतर गप्प राहणं ही या ब्रेतॉन गायकाची खास शैली, पॅरिस तिच्यावर फिदा आहे!"

शैली कसली डोंबलाची!

आठवतं ना? लोक करंगळ्या गुंफून नाचायचे, लाकडी बुटांनी खळं दणाणायचं. तुझ्या ओळीचे शेवटचे शब्द मी तुझ्याबरोबर धरायचे, तू दम घ्यायचास आणि तीच ओळ मी पुन्हा म्हणायचे. जरा फट पडली की बार्बाआत्या खेकसायची, "मेल्यांनो, आमचे पाय हवेतच राहिले की!"

मग तू पॅरिसला गेलास. बहिणीबरोबर गाणं तिथं गावंढळ दिसेल म्हणालास. आणि अजून माझी ओळ मोकळी ठेवतोस, गाढवा?

काल प्रत्येक ओळीमागून मी गायले. तव्यावरचं काळ्या गव्हाचं घावन पार करपलं, पण नाच मोडू दिला नाही.

तुझीच,
सोइझिक