काहीही नावाची भाजी

प्रिय मोठी माय,

आज दुपारी ओट्यावर माझं लग्न बोललं गेलं, आणि त्याला कारण तू आहेस! म्हणून हे पत्र दुसऱ्या कुणाला लिहिता येत नाही.

तुझं तेरावं झालं आणि मी धुळ्याला ऑफिसात परत जायला निघाले. अण्णांनी माझी ड्रॉइंगची पेटी उचलून माळ्यावर ठेवली. "राहू दे वर, खाली धूळ लागते." माळ्यावर धूळ लागत नाही का गं? मग शिडीही गोठ्यात गेली. तेव्हापासून मी विहिरीवर निघाले तरी आत्या मागून येते.

या घराला धूर जायच्या भोकाशिवाय उजेडाची वाट नाही, हे मला पूर्वी कधी जाणवलं नव्हतं. धुळ्यात मी घरांचेच नकाशे काढते. खोलीला खिडकी दाखवली नाही, तर साहेब कागद परत करतात.

तू गेलीस तेव्हा मला उशिरा कळवलं. "तिले नका बलावा, सायेबनं काम शे," असं तूच म्हणालीस म्हणे. कुणी सांगितलं होतं तुला असं म्हणायला? साहेबांचं काम चार दिवस थांबलं असतं.

तुला आठवतं, नंदुरबारच्या शाळेतल्या बाईंनी माझं नाव अमेरिकेसाठी दिलं होतं? एक वर्ष तिथल्या शाळेत शिकायचं, तिथल्याच एका घरात राहायचं. अण्णा नाही म्हणाले, आई काहीच म्हणाली नाही. तू वाती वळत बसली होतीस. मान वर न करता म्हणालीस, "पोर काय लंकाले जाई ऱ्हायनी? वरीसभरमा परत येस. जाऊ द्या." थोरल्या वहिनीपुढे अण्णा कधी बोलले आहेत? तू मिरचीपूड बांधून दिलीस. तिकडे सामान तपासणाऱ्या अधिकाऱ्याने पुडी उघडून हुंगली आणि इतका शिंकला, की मला पुढे जा म्हणून नुसता हात केला.

त्या घरात पहिल्या सकाळी तिथल्या बाईंनी विचारलं, "तुला खायला काय हवं?" मी म्हणाले, "काहीही चालेल." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी चमचा खाली ठेवला. "काहीही नावाचा पदार्थ माझ्या घरात नाही. तुला काय हवं?"

मला खरंच माहीत नव्हतं. आपल्याकडे ताट वाढून येतं आणि आपण ते संपवतो. मला काय आवडतं, याचा विचार मी सतरा वर्षांत केला नव्हता. मला त्यांचा राग आला. रात्री तुझी आठवण काढून रडलेही. पण बर्फ पडायला लागेपर्यंत मी सांगू लागले होते, की अंडं नको, भाजलेला पाव हवा, दूध गरम हवं. मग शाळेत विषय निवडायची वेळ आली. मुली शिवण घेत. मी म्हणाले, मला ड्रॉइंगच्या वर्गात बसायचंय. ते वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, याचं मलाच नवल वाटलं. त्या वर्षात मी शिकले ते एवढंच. बाकी इंग्रजी वगैरे इथेही आलं असतं.

परत आल्यावर हे तुला सांगितलं, तर तू पदर तोंडात कोंबून हसलीस. त्यानंतर मी सुट्टीला आले की चुलीपुढून तुझा आवाज यायचा, "काहीबी नावनी भाजी नई शे मन्हाकडे. सांग, तुले काय जोयजे?" मी वांग्याचं भरीत सांगायची. पण मी तुला उलट कधी विचारलं नाही. का विचारलं नाही?

आज सारंगखेड्याहून मुलाचे मामा आले होते.

आत्या म्हणाली, "भाऊ, वरीसना मजार उरकी टाका. नई ते तीन वरीस थांबनं पडी. तवलोंग ही म्हतारी व्हई जाई!"

मामा हसले. "आमले नोकरीवाली नको. घरमा केळी शे, ऊस शे. बसीसन खावं." जत्रेत घोड्याची चाल बघावी, तसं ते मला तांब्या घेऊन येताना बघत होते. अण्णा मान हलवत होते.

घरातलं मोठं माणूस गेलं की वर्षाच्या आत, नाहीतर तीन वर्षांनी. म्हणजे तू गेलीस आणि जाताना मला या दारात उभी करून गेलीस! मला कुणी काही विचारत नव्हतं. मी तांब्या खाली ठेवला.

"तीन वर्षं थांबू," मी म्हणाले.

"काय?" आत्या.

"मोठी मायने मला वाढवलं. मी तिचा शोक तीन वर्षं पाळणार. रीतीत दोन्ही बसतं. तुम्हीच आत्ता सांगितलंत."

रीत मोडली असती, तर सगळे ओरडले असते. पाळते म्हटल्यावर काय बोलणार? पण आत्या ती आत्याच. "अन् इंदीनं काय? धाकली बहीन बी बठी ऱ्हाई ना!"

तिथे मी अडकले. इंदूचा विचार मी केलाच नव्हता. तेवढ्यात आतून इंदू ओरडली, "मले चाली! तवलोंग मन्हं मॅट्रिक व्हई जाई!"

मामा चहा पिऊन गेले. मी जिंकले असं समजू नकोस. तीन वर्षं म्हणजे नुसती मुदत. चौथ्या वर्षी ओटा हाच असेल आणि आत्याही हीच.

आत्ताच जेवताना अण्णा ताटाकडे बघत म्हणाले, "धुयानी मोटार कितला वाजता शे?" त्यांना ते माहीत आहे. मी तरी धुळ्याच्या मोटारीची वेळ सांगितली. हात धुऊन ते गोठ्याकडे शिडी आणायला गेले.

मोठी माय, दर सुट्टीला मी येईन. चुलीपुढे बसून इंदूला विचारीन, आणि आईलाही, "काय जोयजे?" काहीबी म्हणाल्या, तर ते उत्तर मी घेणार नाही.

तुझी लेक, तुझी आंडेर,
लीला